ॲडमिरल बर्ड यांचे एकट्याचे बिऱ्हाड

ध्रुवप्रदेशातील वीर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कुत्र्यांच्या गाड्या, बर्फाची वादळे आणि हातात निशाण घेतलेले दाढीवाले पुरुष उभे राहतात. ॲडमिरल रिचर्ड बर्ड हे त्याच मालिकेतले. दक्षिण ध्रुवावरून विमानाने जाऊन आलेले ते पहिले पुढारी, म्हणून जगात त्यांचे नाव झाले. परंतु त्यांच्या आयुष्यातील मला सर्वांत मोठे वाटतात ते १९३४ सालातील साडेचार महिने. त्या महिन्यांत ते कोठे उडाले नाहीत की त्यांनी नवा प्रदेश शोधला नाही. ते एका खोलीत राहिले, शेगडी पेटवली, स्वतःपुरते शिजवले, दिवा पुसला, आणि त्या घरकामातच मरता मरता वाचले.

बर्ड यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८८ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात विंचेस्टर या गावी झाला. घराणे जुने आणि वजनदार. त्यांचे बंधू हॅरी हे पुढे त्या प्रांताचे गव्हर्नर झाले. रिचर्ड लहानपणापासूनच धाडसी. बारा-तेरा वर्षांचे वय असताना हा मुलगा एकटा आगबोटीने फिलिपाइन्स बेटांपर्यंत गेला होता. त्याच्या आईने त्याला कोणत्या काळजाने पाठवले असेल, हे आपण आयांनीच समजून घ्यावे. पुढे ते आरमारात शिरले, पायाचा घोटा दुखावल्यामुळे बोटीवरील नोकरी गेली, म्हणून विमानविद्या शिकले. १९१५ साली बोस्टनच्या मेरी एम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व तीन मुली.

१९२६ च्या मे महिन्यात आपण विमानाने उत्तर ध्रुव गाठला असे त्यांनी जाहीर केले, आणि देशाने त्यांना डोक्यावर घेतले. ते खरोखर ध्रुवापर्यंत पोहोचले होते की नाही, याविषयी तेव्हापासून वाद आहे. १९९६ साली त्यांची रोजनिशी हाती लागली, तिच्यात खोडलेले आकडे निघाले, त्यामुळे तो वाद अधिकच वाढला. १९२९ च्या नोव्हेंबरातील दक्षिण ध्रुवावरचे उड्डाण मात्र निर्विवाद आहे. तिकडे जो मोठा मुलूख त्यांना दिसला त्याला त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले. नकाशावर आजही तो मेरी बर्ड लँड म्हणून दाखवतात.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १९३३ साली बर्ड दुसरी मोहीम घेऊन दक्षिणेकडे गेले. समुद्रालगतच्या बर्फाच्या पठारावर त्यांचे ठाणे होते, त्याला लिटल अमेरिका म्हणत. तेथे पन्नासहून अधिक माणसे हिवाळा काढणार होती. आपल्याकडे उन्हाळा व पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा, आणि हिवाळा म्हणजे रात्र. एप्रिलच्या मध्याला सूर्य मावळला की तो ऑगस्टच्या अखेरीस उगवतो. या रात्रीत आतल्या भागात हवामान कसे असते याची कोणाला कल्पना नव्हती. म्हणून आणखी १२३ मैल आत एक लहान ठाणे वसवून तेथून रोज नोंदी घ्याव्यात असे ठरले.

मूळ बेत तीन माणसांचा होता. परंतु सामान वाहून नेण्यास वेळ पुरला नाही, तिघांपुरता साठा होईना. मग दोघे ठेवावेत, तर तेही बर्डसाहेबांना पटेना. दोन माणसे एका खोलीत, अंधारात, महिनेच्या महिने कोंडलेली. एकाचे घोरणे, दुसऱ्याचे खोकणे, एवढ्यावरूनही वैर व्हावे. एका ओट्यावर दोघींचे राज्य चालवून पाहिलेल्या आपल्या भगिनींना हे निराळे समजावून सांगायला नको! तेव्हा एकानेच राहायचे, आणि दुसऱ्या कोणाला असे सांगणे योग्य नाही, म्हणून त्यांनी स्वतः राहायचे ठरवले. त्यांच्या मनात आणखीही एक होते. गेली कित्येक वर्षे सभा, वर्गण्या आणि गर्दी यांत गेली होती. कोठे तरी स्वस्थ बसून वाचावे, गाणे ऐकावे, विचार करावा, अशी त्यांना ओढ लागली होती. पुढाऱ्याने आपली माणसे सोडून असे दूर जाऊन बसावे काय, अशी टीकाही झाली. ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही.

त्यांची खोली सुमारे तेरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद होती. बर्फात खड्डा खणून ती त्यात बसवली होती, म्हणजे छप्पर जमिनीच्या पातळीला आणि वर जाण्यास छपरात झडप. बाजूला बर्फातच दोन बोगदे खणून एकात खाण्याचे सामान आणि दुसऱ्यात तेलाचे डबे ठेवले होते. २८ मार्च १९३४ रोजी सोबतची माणसे परत निघाली आणि पंचेचाळीस वर्षांचे बर्डसाहेब एकटे राहिले.

सामान लावताना लक्षात आले की सगळे आले, परंतु गजराचे घड्याळ आणि स्वयंपाकाचे पुस्तक राहिले. मोठमोठ्या मोहिमा आखणाऱ्या या गृहस्थांना स्वयंपाक मुळीच येत नव्हता. त्यांची धिरडी तव्याला अशी चिकटत की निघता निघत नसत. एके दिवशी त्यांनी मक्याचा रवा अंदाजाने पाण्यात टाकून शिजत ठेवला. तो फुगत गेला, पातेल्याबाहेर आला, म्हणून त्यांनी दुसरे भांडे घेतले, तेही भरले, आणि शेवटी शेगडीवर व जमिनीवर सगळीकडे रवाच रवा झाला. पहिल्यांदा भाताचा अंदाज चुकलेली नवी सून आणि हे ॲडमिरल यांत काय फरक?

दिवसातून ठरल्या वेळी हवामानाची यंत्रे पाहायची, कागद बदलायचे, वर जाऊन आकाश पाहायचे, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या चक्रावर बर्फ साचले की खांबावर चढून ते खरवडायचे. थंडी उणे साठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरे. अशा हवेत धातूला उघडा हात लागला तर कातडी चिकटून निघते. रविवार, मंगळवार आणि गुरुवार हे बिनतारी यंत्रावर लिटल अमेरिकेशी बोलण्याचे दिवस. तिकडचा आवाज त्यांना ऐकू येई, परंतु त्यांना स्वतःला तारेच्या कडकट्ट खुणांनीच उत्तर द्यावे लागे, आणि ती विद्या त्यांना जेमतेमच येत होती.

अंगाच्या कष्टांपेक्षा मनाचे कष्ट निराळे. बोलायला कोणी नाही, रागवायला कोणी नाही, दिवस आणि रात्र यांत भेद नाही. काही आठवड्यांतच त्यांच्या ध्यानात आले की आपण उभ्याउभ्याच, हाताने, जनावरासारखे भराभर खातो आहोत. मग ते ताटाशी पुस्तक उघडून बसत, म्हणजे घास सावकाश जाई. त्यांनी सबंध दिवसाची वाटणी केली. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी उद्याची कामे मनाशी ठरवायची. एक तास बोगदा वाढवायचा, अर्धा तास छपरावरचे बर्फ सारखे करायचे, एक तास सामान लावायचे, मग फेरफटका. कामाला काही फार अर्थ होता असे नाही, परंतु कामामुळे दिवसाला आरंभ आणि शेवट मिळे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला आहे त्या घरातली बाई दहाव्या दिवसापासून पुन्हा सडा-सारवण का करू लागते, ते मला हे वाचताना समजले.

फेरफटक्यासाठी त्यांनी बर्फात बांबूच्या काठ्या रोवून वाट केली होती. एकदा विचारांच्या नादात ते काठ्यांच्या पलीकडे निघून गेले. वळून पाहतात तो काहीच दिसेना. त्यांनी आधी उभ्या जागी बर्फाचा लहान ढीग केला. मग तेथून एका दिशेला पावले मोजीत जायचे, काठी न दिसली तर मोजूनच ढिगापाशी परत यायचे आणि दुसरी दिशा धरायची. असे करता करता काठी सापडली. आणखी एकदा वादळात ते वर असताना झडप गोठून बसली. सुदैवाने बर्फात पुरलेले फावडे पायाशी लागले, त्याने त्यांनी ती उचकटली.

परंतु त्यांचा खरा शत्रू बाहेर नव्हता, तो घरातच होता. शेगडी मूळची कोळशाची, ती तेलावर चालेल अशी करून घेतली होती. तिच्या धुराच्या नळकांड्याचे सांधे घट्ट बसत नसत, आणि वरचे तोंड बर्फाने बुजून जाई. शिवाय बिनतारी यंत्राला वीज देणारे इंजिन बोगद्यात ठेवले होते, त्याचाही वायू आतच कोंडे. जळण नीट न जळता कोंडले की कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, म्हणून डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात, आणि ज्याला हे होते त्याला उठून दार उघडण्याचेही सुचत नाही. आपल्याकडेही थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी आत घेतल्यामुळे, किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरातील गॅसच्या बंबामुळे, झोपेत वा आंघोळीत माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तेव्हा तिकडच्या बर्फातली ही गोष्ट आपल्या घराला परकी नाही.

३१ मे रोजी बिनतारीवर बोलणे चालू असता इंजिन अडखळू लागले. ते पाहण्यास बर्डसाहेब बोगद्यात गेले आणि तेथेच कोसळले. शुद्ध आल्यावर हातापायांवर रांगत ते खोलीत आले आणि काहीच घडले नाही अशा रीतीने त्यांनी बोलणे संपवले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पेटवावी तर शेगडी विष ओकणार, विझवावी तर थंडीने मरण. त्यांनी मधला मार्ग काढला. थोडा वेळ शेगडी, मग कित्येक तास ती बंद आणि दार उघडे. अन्न पोटात ठरेना. पाण्यासाठी बर्फ वितळवणे, बोगद्यातून तेल आणणे ही कामेही रांगत, थांबत थांबत करावी लागत. इंजिन सोडून त्यांनी हाताने फिरवायचे यंत्र घेतले, त्यात तर उरलेली शक्तीही जाई. आपण आता जगत नाही अशा समजुतीने त्यांनी पत्नीला व मुलांना पत्रे लिहून ठेवली. तरी यंत्रांच्या नोंदी त्यांनी बंद पडू दिल्या नाहीत.

लिटल अमेरिकेला मात्र त्यांनी एका शब्दाने कळवले नाही. कळवले असते तर सोबती तशाच अंधारात, बर्फातल्या भेगांवरून धावत निघाले असते आणि कोणी तरी प्राणास मुकला असता. पाहुणे जाईपर्यंत अंगातला ताप लपवणाऱ्या बाया आपल्या घरोघरी आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. ते बरोबर होते की नाही हे निराळे. लपवून शेवटी लपले नाहीच. त्यांच्या खुणा दिवसेंदिवस चुकू लागल्या, मधे मधे लांब थांबे पडू लागले, त्यावरून तिकडच्या माणसांच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टर पोल्टर या शास्त्रज्ञांना उल्का पाहण्यासाठी त्या बाजूला यायचेच होते. त्या निमित्ताने ते ट्रॅक्टर घेऊन जुलैत निघाले. वाटेवरची निशाणे बर्फात गडप झालेली, त्यामुळे परत फिरावे लागले. दुसऱ्यांदाही फिरावे लागले. बर्डसाहेब इकडे वर चढून तेल पेटवत, आणि शेपटीला पेटता कागद बांधून पतंगही उडवत, की येणाऱ्यांना दुरून उजेड दिसावा. आपण संक्रांतीला पतंग उडवतो, त्यांनी जीव वाचवण्यासाठी उडवला.

तिसऱ्या खेपेस, १० ऑगस्टच्या रात्री, पोल्टर, डेमास व वेट असे तिघे पोहोचले. बर्डसाहेबांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले, खाली गरम सूप तयार आहे असे सांगितले, आणि त्यांच्यापाठोपाठ खोलीत उतरले तोच कोसळले. त्या तिघांनी खोलीचा पसारा आणि यजमानांची दशा पाहिली, पण विचारपूस न करता कामाला लागले. एकट्यासाठी बांधलेल्या खोलीत मग चौघे दोन महिने राहिले. ते तिघे स्वयंपाक व आवराआवर करीत, आणि बर्डसाहेब हळूहळू बरे झाले. १४ ऑक्टोबर रोजी विमान येऊन त्यांना घेऊन गेले.

ही हकीकत लिहिण्यास त्यांचे मन बरेच दिवस घेईना. १९३८ साली अलोन, म्हणजे एकटा, या नावाचे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. आपली फजिती, आपली भीती, रडणे, सारे त्यात आहे. वीरपुरुष सहसा असे लिहीत नाहीत.

त्यानंतरही ते दक्षिणेकडे जात राहिले. १९४६-४७ सालची आरमाराची प्रचंड मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली, आणि १९५६ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा एकदा विमानातून दक्षिण ध्रुव पाहिला. ११ मार्च १९५७ रोजी बोस्टन येथील राहत्या घरी ते वारले. त्या वेळी दक्षिण ध्रुवावर नव्याने बांधलेल्या ठाण्यात अठरा माणसे तेथली पहिली हिवाळी रात्र काढण्याच्या तयारीत होती. त्यांच्यातील शास्त्रज्ञांचे प्रमुख पॉल सिपल हे बर्डसाहेबांच्या पहिल्या मोहिमेत बालवीर म्हणून आले होते, आणि १९३४ साली ती बर्फातली खोली उभारण्यासही त्यांनी हात लावला होता.