फ्रोबेल : खेळातून गणित शिकविणारे गुरुजी

वाचकहो, बालवाडीतील आपले मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणू लागले की आपल्याला धन्यता वाटते. पण पाच म्हणजे किती, हे त्याला खरोखर उमगले आहे काय? याचा विचार आयुष्यभर करणाऱ्या फ्रीडरिख फ्रोबेल यांची ओळख आपण करून घेऊ.

जर्मनीतील थुरिंगिया भागात १७८२ साली एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते नऊ महिन्यांचे असतानाच मातृछत्र हरपले. पुढे बर्लिन येथे स्फटिकांचा अभ्यास करताना सृष्टीतील आकारांची नियमबद्धता त्यांच्या मनात ठसली. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले.

त्यांनी मुलांच्या हाती लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, नळकांडी व घन दिले. एक घन तर आठ छोट्या घनांचा होता. मूल तो सुटा करी, दोन-दोन, चार-चार मांडी, पुन्हा जुळवी. अर्धा, पाव, दुप्पट हे शब्द पाठ होण्याआधीच त्यांचा अर्थ हाताला कळे.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणाचा ठपका ठेवून या बालशाळांवर बंदी घातली. वस्तुतः फ्रोबेल अत्यंत श्रद्धाळू होते. १८५२ साली त्यांचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० साली. किंडरगार्टन मात्र जगभर पसरले.

तेव्हा पालकहो, मुलाकडून आकडे वदवून घेण्याआधी त्याच्यापुढे आठ ठोकळे ठेवा. पाढे मागाहून येतीलच.