समर्थ रामदास

समर्थ रामदास (शके १५३०, इ.स. १६०८ – माघ वद्य नवमी, शके १६०३, इ.स. १६८२) हे सतराव्या शतकातील मराठी संतकवी, रामोपासक आणि समर्थ संप्रदायाचे प्रवर्तक होते. त्यांचे मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. दासबोध, मनाचे श्लोक, करुणाष्टके, रामायणाची सुंदरकांड व युद्धकांड ही दोन कांडे, तसेच अनेक स्तोत्रे व आरत्या ही त्यांची ग्रंथसंपदा होय. व्यवहारदक्षता, प्रयत्नवाद आणि संघटन यांचा उपदेश करणारे संत म्हणून ते विशेष परिचित आहेत. त्यांच्या प्रार्थनापर रचनांतून मात्र देवाची करुणा भाकणारा, स्वतःचे दोष कबूल करणारा आणि शेवटी स्तवनात विसावणारा भक्त दिसतो. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात असलेली शिवथरघळ हे दासबोधाचे जन्मस्थान मानले जाते.

बालपण आणि गृहत्याग

रामदासांचा जन्म चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे रामनवमीच्या दिवशी, सध्याच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. वडील सूर्याजीपंत हे सूर्योपासक होते. आईचे नाव राणूबाई. थोरले बंधू गंगाधर हेही रामभक्त व ग्रंथकार होते. संप्रदायात त्यांना श्रेष्ठ म्हणून ओळखले जाते. नारायण लहान असतानाच वडिलांचे निधन झाले.

वयाच्या बाराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचा विवाह ठरवला. मंगलाष्टकांच्या अखेरीस उच्चारला जाणारा सावधान हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा सर्व पारंपरिक चरित्रांत आढळते. या घटनेने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. मागे राहिलेल्या आईला मात्र पुत्रवियोगाचे दुःख दीर्घकाळ सोसावे लागले. चरित्रकारांनी ही दुसरी बाजूही नोंदवली आहे.

टाकळी येथील तपश्चर्या

घर सोडल्यानंतर नारायण नाशिकजवळच्या टाकळी येथे आले. गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमाच्या परिसरात त्यांनी १२ वर्षे तपश्चर्या केली. पहाटेपासून माध्यान्हापर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून गायत्री मंत्राचा व त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, त्यानंतर भिक्षा आणि दुपारी ग्रंथांचे अध्ययन, असा त्यांचा क्रम परंपरेने सांगितला आहे. याच काळात त्यांनी रामदास हे नाव धारण केले.

करुणाष्टकांपैकी बऱ्याच रचनांची पार्श्वभूमी म्हणून संप्रदाय या काळाकडे बोट दाखवतो. घरदार सुटलेला, गुरू किंवा सोबती नसलेला आणि साधनेची फलप्राप्ती अद्याप न झालेला तरुण साधक त्यांत बोलताना दिसतो. प्रत्येक अष्टकाचा रचनाकाळ निश्चित करता येत नसला, तरी त्यांतील अस्वस्थता साधकावस्थेतील आहे याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

तीर्थाटन

टाकळीनंतरची सुमारे १२ वर्षे रामदासांनी भारतभर पायी भ्रमण केले. इ.स. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्यातच सततच्या लढायांनी रयत नागवली गेली होती. नैसर्गिक व राजकीय आपत्तींनी गांजलेल्या लोकांचे चित्र त्यांच्या अस्मानी-सुलतानी या विषयावरील रचनांत उमटले आहे. स्वतःच्या उद्धाराची चिंता करणाऱ्या साधकाला या भ्रमणात समाजाच्या दुःखाचे दर्शन घडले. पुढील काळात त्यांच्या प्रार्थनेचा आशयही विस्तारला: स्वतःसाठी मागितलेली कृपा ते लोकांसाठीही मागू लागले.

भ्रमणाच्या अखेरीस त्यांनी जांबेस जाऊन आईची भेट घेतली. त्या वेळी राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, असे पारंपरिक चरित्रे सांगतात. आईचा निरोप घेऊन ते शके १५६६ (इ.स. १६४४) च्या सुमारास कृष्णाकाठी आले.

कृष्णाकाठचे कार्य

सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे त्यांनी शके १५७० (इ.स. १६४८) मध्ये राममंदिराची स्थापना केली. सध्याच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत त्यांनी स्थापन केलेली मारुतीची ११ स्थाने अकरा मारुती म्हणून प्रसिद्ध आहेत. ठिकठिकाणी मठ स्थापून त्यांनी शिष्यांकडे त्यांची व्यवस्था सोपवली. कल्याणस्वामी, उद्धवस्वामी, दिवाकर गोसावी, दिनकर गोसावी आणि तंजावरचे भीमस्वामी हे त्यांच्या शिष्यांपैकी प्रमुख होत. वेणाबाई आणि अक्काबाई या स्त्री-शिष्यांनाही संप्रदायात अधिकाराचे स्थान होते. वेणाबाईंकडे मिरजेच्या मठाची जबाबदारी होती.

शिवथरघळ आणि दासबोध

महाडपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, वरंध घाटाच्या परिसरात सह्याद्रीच्या कुशीत शिवथरघळ आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडावरून मोठा धबधबा कोसळतो. आत प्रशस्त आणि काहीशी अंधारी जागा आहे. रामदासांनी या स्थानाला सुंदरमठ असे नाव दिले होते. परंपरेनुसार येथेच त्यांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. घळीत या प्रसंगाच्या मूर्ती आहेत.

हा प्रदेश त्या काळी राजकीयदृष्ट्या अत्यंत संवेदनशील होता. महाड व पोलादपूरचा डोंगराळ मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या प्रभावाखाली होता. इ.स. १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि त्याच वर्षी रायरीचा किल्ला, म्हणजेच पुढचा रायगड, त्यांच्या ताब्यात आला. पोलादपूरच्या वरच्या बाजूस असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी इ.स. १६५९ मध्ये अफजलखानाचा वध झाला. दासबोधाच्या सहाव्या दशकातील कलियुगाच्या वर्षगणनेवरून तो भागही याच सुमारास, शके १५८१ (इ.स. १६५९) मध्ये, रचला गेल्याचे ठरते. शिवभारत हे संस्कृत चरित्रकाव्य लिहिणारे कवींद्र परमानंद हे याच काळातील. त्यांची समाधी पोलादपूर येथे आहे.

दासबोधात २० दशक असून प्रत्येक दशकात १० समास आहेत. ७,७५१ ओव्यांचा हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे, तसेच राजकारण, लेखन, निरूपण व प्रयत्न यांविषयीचे समास विशेष लोकप्रिय आहेत. ग्रंथाचा आरंभ मात्र उपदेशाने होत नाही. पहिल्या दशकाचे नावच स्तवन असे आहे. गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांच्या स्तवनानंतर श्रोते, कवी आणि सभा यांचेही स्तवन येते. परमार्थ आणि नरदेह यांच्या स्तवनाने हा दशक संपतो. नाशिवंत म्हणून ज्याची निंदा केली जाते, त्या देहाचेही परमार्थाचे साधन म्हणून कौतुक करणे, हे या स्तवनाचे वैशिष्ट्य आहे.

घळीचे स्थान दीर्घकाळ विस्मरणात गेले होते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ.स. १९३० मध्ये तिचा शोध लावला. सुंदरमठाच्या नेमक्या जागेविषयी काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले आहे.

प्रार्थनापर काव्य

करुणा. करुणाष्टकांत रामाला प्रामुख्याने आई, स्वामी आणि जिवलग या नात्यांनी हाक मारलेली आहे. संसारात कोणी कोणाचे नाही, संकटात आप्तही दूर होतात, अशा वेळी रामावाचून सांभाळणारा कोण, असा त्यांतील प्रश्न आहे. वासरू गाईची किंवा पिलू पक्षिणीची वाट पाहते, त्या उत्कंठेने भक्त देवाची वाट पाहतो. देव आपली उपेक्षा करणार नाही हा विश्वास मनाच्या श्लोकांत अधिक स्थिर स्वरात येतो. दासबोधाच्या चौथ्या दशकात सख्यभक्तीचे निरूपण करताना लाक्षागृहातून वाचलेल्या पांडवांचा दाखला दिला आहे. इच्छा पूर्ण झाली नाही म्हणून देवाला सोडणे हे खरे सख्य नव्हे, असे तेथे बजावले आहे. देवाच्या काळजीवरचा विश्वास फळावर अवलंबून ठेवू नये, असा त्याचा अर्थ होतो.

क्षमा. करुणाष्टकांचा दुसरा मुख्य विषय अनुताप हा आहे. मन स्थिर राहत नाही, विषयांकडे धावते, आयुष्य व्यर्थ गेले, सेवा घडली नाही, दास म्हणवून घेण्याचीही योग्यता नाही, अशी कबुली त्यांत वारंवार येते. या कबुलीत दुसऱ्या कोणावर दोष ठेवलेला नाही. मागणीही साधी आहे: बुद्धी दे, मन आवर, अपराध पोटात घाल आणि अंतर देऊ नकोस. इतरांच्या मूर्खपणाची लक्षणे परखडपणे मोजणाऱ्या कवीने स्वतःचीही तशीच झाडाझडती घेतली, हे ध्यानात घेतल्यास दासबोधातील कठोर वाटणारा उपदेश वेगळा दिसतो. मनाच्या श्लोकांतील २०५ श्लोकांत संबोधन लोकांना नसून मनाला आहे, हेही याच वृत्तीचे द्योतक आहे.

स्तवन. रामदासांनी गणपती, शंकर, मारुती इत्यादी देवतांच्या आरत्या आणि स्तोत्रे रचली. गणेशोत्सवात घरोघरी म्हटली जाणारी गणपतीची आरती त्यांच्याच नावावर आहे. या रचनांत शब्दांचा नाद आणि गती मोठी असल्याने त्या समूहाने म्हणण्यास सोयीच्या ठरल्या. करुणाष्टकांतील एकट्याची विनवणी येथे अनेकांच्या घोषात मिसळते.

स्तोत्रसंहितेशी तुलना

करुणा भाकणे, पापाची कबुली आणि स्तुती यांचा असा संगम जगातील इतर भक्तिपरंपरांतही आढळतो. हिब्रू धर्मग्रंथातील १५० स्तोत्रांचा संग्रह हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. मराठी बायबलमध्ये तो स्तोत्रसंहिता या नावाने येतो. परंपरेने त्यांतील अनेक स्तोत्रे दावीद राजाच्या नावावर आहेत. तेविसाव्या स्तोत्रात देव मेंढपाळाप्रमाणे सांभाळ करतो, एकावन्नाव्यात अपराधी राजा क्षमा मागतो, तर शेवटच्या स्तोत्रात सर्व वाद्यांसह स्तुतीचे आवाहन आहे. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजाच्या उपासनेतही ही स्तोत्रे आहेत.

या दोन परंपरांत थेट संबंध दाखवता येत नाही. साम्य आहे ते भक्ताच्या अनुभवक्रमाचे. तक्रार आणि विश्वास एकाच रचनेत नांदतात, आणि एकट्याने केलेली प्रार्थना पुढे समुदायाची होते. फरकही महत्त्वाचा आहे. स्तोत्रसंहितेत शत्रूंपासून सुटकेची याचना वारंवार येते. करुणाष्टकांत भक्ताचा मोठा प्रतिस्पर्धी त्याचे स्वतःचे चंचल मन हाच आहे.

शिवाजी महाराजांशी संबंध

शिवाजी महाराज आणि रामदास यांची पहिली भेट केव्हा झाली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सांप्रदायिक साधने ती इ.स. १६४९ मध्ये झाल्याचे सांगतात. इतर अभ्यासक ती इ.स. १६७२ च्या सुमारास मानतात. गुरुशिष्य नात्याच्या स्वरूपाविषयीही वाद आहे. उत्तरायुष्यात महाराजांनी चाफळच्या देवस्थानाला साहाय्य केले आणि परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, रामदासांच्या वास्तव्याची व्यवस्था केली.

अखेरचा काळ

इ.स. १६७६ पासून रामदासांचे वास्तव्य मुख्यतः सज्जनगडावर होते. इ.स. १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर रामदासांनी छत्रपती संभाजी महाराजांना पाठवलेले उपदेशपर पद्यपत्र प्रसिद्ध आहे. तंजावरहून घडवून आणलेल्या राम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या मूर्ती त्यांच्या अखेरच्या दिवसांत गडावर पोहोचल्या, असे परंपरा सांगते. माघ वद्य नवमी, शके १६०३ रोजी त्यांनी देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. समाधीच्या वर राममंदिर आहे.

वारसा

कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जतन झाली. शंकर श्रीकृष्ण देव आणि धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळवून ती प्रसिद्ध केली. त्यामुळे रामदासांच्या वाङ्मयाच्या अभ्यासाला भक्कम आधार मिळाला. शिवथरघळीत माघ शुद्ध नवमीस दासबोध जयंती साजरी होते.

रामदासांच्या राजकीय प्रभावाविषयी विद्वानांचे वाद अद्याप सुरू आहेत. त्यांच्या प्रार्थना मात्र या वादांपलीकडे जाऊन लोकांच्या नित्यपाठात राहिल्या आहेत. समर्थ संप्रदायाच्या मठांत सायंउपासनेत करुणाष्टके म्हटली जातात. महाराष्ट्रातील अनेक घरांत दिवेलागणीला मुलांकडून मनाचे श्लोक आणि करुणाष्टके म्हणून घेण्याची रीत आहे. टाकळीच्या एकाकी साधकाने स्वतःसाठी केलेली विनवणी अशा प्रकारे पुढील पिढ्यांची सामुदायिक प्रार्थना झाली.