पोरक्यांचे बापू: जामसाहेब दिग्विजयसिंहजी

आमच्या वर्तकनगरांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील किंवा आजे पोटापाण्यासाठीं दुसऱ्या मुलखांतून ठाण्यास आलेले आहेत. पण येतांना त्यांनीं आपल्या मुलांचें बोट सोडलें नाहीं. ज्या मुलांस धरावयास कोणाचें बोटच उरलेलें नसतें, अशीं मुलें परदेशीं येऊन पडलीं म्हणजे त्यांचा वाली कोण? या प्रश्नास एका हिंदी राजानें आपल्या कृतीनें उत्तर दिलें. त्याचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

दिग्विजयसिंहजी यांचा जन्म सन १८९५ मध्यें काठेवाडांत झाला. सुप्रसिद्ध क्रिकेटपटु रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत व पुढें विलायतेंत त्यांचें शिक्षण झालें, आणि नंतर त्यांनीं सैन्यांत नोकरी केली. सन १९३३ मध्यें रणजितसिंहजी निवर्तल्यावर ते नवानगर संस्थानच्या गादीवर बसले. जामनगर ही या संस्थानची राजधानी. पुढें ते नरेंद्रमंडळाचे अध्यक्ष झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडच्या युद्धमंत्रिमंडळांत हिंदुस्थानच्या वतीनें बसले. एवढ्यावरच त्यांची कीर्ति असती, तर आज त्यांचें नांव थोड्यांच्याच तोंडीं राहिलें असतें.

सन १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून रशिया असे दोन शत्रु तुटून पडले. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील कुटुंबेंच्या कुटुंबें मालगाड्यांत कोंबून सैबेरियांत व कझाकस्तानांत हद्दपार करण्यांत आलीं. थंडी, उपासमार व रोगराई यांनीं तेथें कित्येकांचे आईबाप हिरावून नेले. सन १९४१ मध्यें जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हां पोलिश लोकांस बाहेर पडण्याची मुभा मिळाली. अनाथ मुलें गोळा करण्यांत आलीं आणि अश्काबादहून इराणच्या डोंगराळ वाटांनीं मोटारलाऱ्यांतून हिंदुस्थानांत आणण्यांत आलीं. सन १९४२ मध्यें त्यांतील पहिल्या तुकडीनें कांहीं काळ आमच्या शेजारच्या वांद्र्यास मुक्काम केला.

परंतु या मुलांस कायमचें ठेवावें कोठें? युद्धाच्या धामधुमींत परक्यांच्या मुलांचा भार उचलावयास सहजासहजीं कोणी पुढें येईना. जामसाहेबांनीं तो भार आपण होऊन पत्करिला. जामनगरपासून कांहीं कोसांवर, समुद्रकांठीं बालाचडी येथें, आपल्या उन्हाळी वाड्यानजीक त्यांनीं मुलांसाठीं वसाहत उभारली. मुलें येतांच त्यांनीं तीं आतां अनाथ नसून नवानगरचीं लेंकरें आहेत आणि आपण त्यांचे बापू आहों, असें त्यांस सांगितलें. तेव्हांपासून मुलें त्यांस बापू म्हणूं लागलीं.

हें बापूपण नुसतें नांवाचें नव्हतें. मुलांसाठीं शाळा होती, पोलिश शिक्षक होते, पोलिश पुस्तकें होतीं आणि खेळावयास मैदान होतें. एकदां पालकाच्या भाजीस कंटाळून मुलांनीं ती खाण्याचें साफ नाकारिलें. बापूंच्या कानीं ही गोष्ट जातांच त्यांनीं ती भाजी रांधणें बंद करविलें, असें सांगतात. आम्हांस त्याहूनहि मोठी वाटते ती एक गोष्ट. राजा हिंदु, मुलें रोमन कॅथलिक. तरी त्यांचा धर्म, भाषा व सण यांस त्यांनीं धक्का लावूं दिला नाहीं. उपासनेसाठीं त्यांच्यांतच त्यांचे धर्मगुरु होते. आश्रय देणाऱ्यानें आश्रिताचें मन विकत घ्यावयाचें नसतें, हें आम्हां शिक्षकांनींहि ध्यानीं ठेवण्याजोगें आहे.

युद्ध संपलें, पण खरी कसोटी पुढेंच होती. सन १९४५ च्या जुलैंत इंग्लंडनें वॉर्सा येथील नव्या सरकारास मान्यता दिली. हें सरकार मॉस्कोच्या तंत्रानें चालणारें होतें. पोरकीं मुलें राष्ट्राचीं, सबब त्यांस परत धाडावें, अशी मागणी पुढें आली. ज्या सत्तेनें आईबापांस सैबेरियांत नेलें, तिच्याच छायेखालीं मुलांनीं पुन्हां जावयाचें! शिवाय त्यांच्यापैकीं कित्येकांचीं गांवें आतां पोलंडांत उरलींच नव्हतीं. तो मुलूख रशियानें आपल्या राज्यास जोडला होता. ज्या मुलास कागदोपत्रीं पालक नाहीं, त्याची रवानगी कोठेंहि करतां येते. ज्यास पालक आहे, त्याच्याविषयीं आधीं पालकास विचारावें लागतें. हें ओळखून जामसाहेब, वसाहतीचे प्रमुख फादर प्लूता व इंग्रज अधिकारी क्लार्क या तिघांनीं मिळून मुलांस रीतसर दत्तक घेतलें. अन्नवस्त्र देऊन जें साधलें नसतें, तें कागदावरील त्या सह्यांनीं साधलें. मुलांस बळेंच परत पाठविण्याचें संकट टळलें.

सन १९४६ मध्यें बालाचडीची वसाहत बंद झाली आणि राहिलेलीं मुलें आमच्या महाराष्ट्रांत, कोल्हापूरनजीक वळिवडें येथें आलीं. तेथें सन १९४३ पासून सुमारें ५,००० पोलिश निर्वासित रहात होते. सन १९४८ पर्यंत तीहि वसाहत उठली. ज्यांचे आप्त सांपडले अशीं कांहीं मुलें स्वदेशीं गेलीं. कांहीं इंग्लंडास, कांहीं अमेरिकेस, कांहीं ऑस्ट्रेलियास गेलीं. त्याच वळिवड्याच्या जागेवर मग फाळणीमुळें बेघर झालेले सिंधी बांधव येऊन राहिले व तिचें गांधीनगर झालें. आमच्या कल्याणच्या लष्करी छावणीचें उल्हासनगर झालें, तेंहि याच रीतीनें.

जामसाहेब सन १९४८ मध्यें सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले. संयुक्त राष्ट्रसंघांतहि त्यांनीं भारताचें प्रतिनिधित्व केलें. ३ फेब्रुवारी १९६६ रोजीं त्यांनीं देह ठेविला. पुढें पोलंडांतील रशियाधार्जिणी राजवट गेल्यावर वॉर्सा शहरानें एका चौकास भल्या महाराजाचा चौक असें नांव दिलें, आणि तेथील एक शाळाहि त्यांचें नांव चालविते.

विद्यार्थ्यांनो, आम्हांपाशीं राजवाडा नाहीं व संस्थानहि नाहीं. परंतु ठाणें व कल्याण या स्टेशनांवर एकटेंच भटकणारें मूल आजहि दृष्टीस पडतें. तें कोणत्या प्रांताचें, कोणत्या भाषेचें, त्याजपाशीं कागद आहेत कीं नाहींत, हा विचार मागाहून व्हावा. असें मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करा, किंवा स्टेशनावरील पोलिसांस कळवा. कायद्याप्रमाणें त्यास चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें, आणि त्याचें पुढें काय करावयाचें तें ती समिति ठरविते. तोंवर त्याजपाशीं उभें राहणें एवढें तर तुमच्याआमच्यानें होईल. जामसाहेबांच्या चरित्रांतून इतकें जरी आम्हीं घेतलें, तरी तें वाचल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.