मोजून पाहणारा मायकेल फॅरडे

सोलापूर शहराच्या पूर्व भागातून कोणी चालत गेले, तर यंत्रमागांचा खडखडाट सतत कानी पडतो. धोटा इकडून तिकडे धावत असतो आणि पाहता पाहता रंगीबेरंगी चादरी विणून तयार होतात. हे माग विजेवर चालतात. चुंबकाच्या साहाय्याने वीज कशी निर्माण होते, हे ज्याने जगाला दाखवून दिले, तो मायकेल फॅरडे एका गरीब लोहाराचा मुलगा होता. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि थोडासा हिशेब एवढेच शिकला. परंतु तो हिशेब त्याने जन्मभर सोडला नाही.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन या ठिकाणी झाला. वडील नेहमी आजारी असत, त्यामुळे घरात फार ओढग्रस्त होती. १८०१ साली धान्य अतिशय महाग झाले. त्या वेळी नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव येई व तो त्याला सात दिवस पुरवावा लागे.

तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्याचे काम करू लागला. पुढे तेथेच सात वर्षे उमेदवारी करून तो पुस्तके बांधण्याची कला शिकला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो रिकाम्या वेळी वाचून काढी. विश्वकोशातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील पुस्तक यांनी त्याच्या मनाची पकड घेतली. परंतु वाचलेले खरे की खोटे, हे स्वतः करून पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नसे. त्याने तांब्याची नाणी, जस्ताच्या चकत्या व मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद एकावर एक रचून विद्युत्घट तयार केला आणि त्याच्या प्रवाहाने एका क्षाराचे अपघटनही करून पाहिले.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये थोर रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकण्यास मिळाली. त्यांची टिपणे त्याने सुवाच्य अक्षरात लिहून काढली, त्यांना आकृत्या जोडल्या, स्वतः त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठविले. १८१३ च्या मार्च महिन्यात त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळाली. त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. वाटेत त्याला नोकराचीही कामे करावी लागली व अनेकदा अपमान गिळावा लागला. परंतु विद्युत्घटाचा जनक व्होल्टा यांच्यासारख्या विद्वानांचे दर्शन त्याला याच प्रवासात घडले.

पुढे फॅरडे स्वतःच नामांकित शास्त्रज्ञ झाला. १८३१ साली तो कंपनांचा अभ्यास करीत होता. एका पट्टीवर त्याने पाण्याचा पातळ थर पसरला आणि ती पट्टी कंप पावू दिली. तेव्हा पाण्यावर लहान लहान उंचवट्यांची सुंदर नक्षी उमटली. पट्टी जितक्या वेळा कंप पावे, त्याच्या निम्म्या वेळाच ते उंचवटे वरखाली होत, हे त्याने बारकाईने पाहून नोंदविले. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी चुंबकत्वातील बदलापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हा त्याचा सर्वांत मोठा शोध लागला. आजची प्रचंड विद्युत्जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

यानंतर त्याने पाण्याच्या विद्युत्-अपघटनाकडे लक्ष वळविले. पाण्यातून वीज सोडली असता त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन वायू होतात, हे १८०० सालीच निकल्सन व कार्लाइल या दोघांनी दाखविले होते. परंतु किती विजेने किती वायू निघतो, याचा नियम कोणास ठाऊक नव्हता. फॅरडेने खुणा केलेल्या काचेच्या नळीत वायू गोळा करण्याचे साधन तयार केले. त्याने पाण्यात बुडविलेले धातूचे पत्रे कधी मोठे घेतले, कधी लहान. पाण्यातील आम्लाचे प्रमाणही त्याने कमीजास्त करून पाहिले. तरीही तेवढ्याच विजेने तेवढाच वायू मिळे.

एकदा मात्र हिशेब चुकू लागला. प्रवाह बंद केल्यावर नळीतील वायू हळूहळू कमी होत असे. दुसऱ्या कोणी ते किरकोळ म्हणून सोडून दिले असते. फॅरडेने त्याचे कारण शोधून काढले. नळीतील प्लॅटिनमचा पत्राच वेगळे झालेले दोन्ही वायू पुन्हा एकत्र आणून त्यांचे पाणी करीत होता!

अशा कसून केलेल्या प्रयोगांतून १८३३-३४ साली विद्युत्-अपघटनाचे नियम सिद्ध झाले. सुटणारा वायू हा वाहून गेलेल्या विजेच्या प्रमाणातच असतो. एक अँपिअरचा प्रवाह सुमारे २७ तास पाण्यातून वाहू द्यावा, तेव्हा कोठे एक ग्रॅम हायड्रोजन हाती येतो.

केवळ सांगोवांगीवर विश्वास ठेवणे त्याच्या स्वभावात नव्हते. १८५३ च्या सुमारास लंडनमध्ये एक नवे वेड पसरले. माणसे मेजाभोवती बसून त्यावर हात ठेवीत आणि मेज आपोआप फिरू लागे. लोक त्यास भुताटकी समजत. फॅरडेने त्यांची थट्टा केली नाही. त्याने हात व मेज यांच्यामध्ये सरकत्या फळ्या बसविल्या आणि त्यांना एक काटा जोडला. हात नकळत मेज ढकलीत होते, हे काट्याने उघड केले. बसणाऱ्यांना तो काटा दिसू लागताच मेज फिरावयाचे थांबले.

कीर्ती वाढली, तरी त्याची राहणी साधीच राहिली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नम्रपणे नाकारले. मात्र नाताळच्या सुट्टीत मुलांना विज्ञान समजावून सांगण्याचे काम त्याने अनेक वर्षे आवडीने केले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचे निधन झाले.

आज कोळसा व खनिज तेल यांच्या धुरापासून सुटका व्हावी म्हणून हायड्रोजनचा इंधनासारखा उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत. हायड्रोजन जळाला की त्याचे पाणीच होते. परंतु पाण्यापासून तो मिळविताना वायूचे बुडबुडे पत्र्यांना चिकटून राहतात, प्रवाहाला अडथळा होतो आणि बरीच वीज वाया जाते. त्यावर शास्त्रज्ञ कंपनांचा उपाय करून पाहत आहेत. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा झोका दिला, तर तो उंच जातो. यालाच अनुनाद म्हणतात. ज्या साधनातून ध्वनी निघतो, त्याच्या स्वाभाविक कंपनाशी असाच मेळ साधून कानाला ऐकू न येणारा तीव्र ध्वनी पाण्यात सोडतात. त्यामुळे पाण्यात सूक्ष्म पोकळ्या उत्पन्न होतात व क्षणार्धात मिटतात. त्यांच्या धक्क्याने चिकटलेले बुडबुडे सुटून वर येतात.

या युक्तीने वाया जाणारी वीज वाचू शकते. परंतु ध्वनी उत्पन्न करण्यास खर्ची पडलेली वीजही हिशेबात धरावी लागते. कंपनांच्या जोरावर पाण्यातून जणू फुकटच इंधन मिळते, असे दावे कोणी कोणी करतात. अशा वेळी फॅरडेची खुणांची नळी उपयोगी पडते. वीज किती गेली आणि वायू किती आला, हे मोजले की खरेखोटे निवडता येते. पाण्याचे घटक वेगळे करण्यास जेवढी शक्ती लागते, तिच्याहून अधिक शक्ती तो हायड्रोजन जाळून कधीच परत मिळत नाही.

सोलापूरला ऊन काही कमी नाही. त्या उन्हापासून वीज आणि विजेपासून हायड्रोजन मिळविण्याचे काम पुढे ज्यांच्या हातून व्हावयाचे, ती मुले आज कदाचित शाळेच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या पाण्यात उपड्या धरून उभी असतील. एका नळीतील वायू दुसरीच्या दुप्पट भरला की नाही, हे मोजून ती आपल्या वहीत लिहीत असतील. ज्या वर्षी हिशेब जुळणार नाही, त्या वर्षी त्यांनी आकडे खोडू नयेत. प्लॅटिनमच्या पत्र्याचे गुपित फॅरडेला न जुळलेल्या हिशेबातूनच कळले होते.