तळ्याकाठचा योगी

आजचे सोलापूर बाराव्या शतकात सोन्नलगी होते. मुद्दुगौडा व सुग्गलादेवी यांचे पुत्र सिद्धराम लहानपणी अबोल होते. मल्लिकार्जुनाच्या ओढीने ते श्रीशैलला गेले. परतल्यावर त्यांनी अडुसष्ट लिंगे स्थापिली, लोकांना हाताशी धरून तळे खोदले. या कामात गढलेल्या योग्याला अल्लमप्रभूंनी वडार म्हणून हिणवले, असे परंपरा सांगते. शब्द कठोर खरा; पण गावाची तहान भागवणाऱ्याने स्वतःच्या आत किती खोदले, हा त्यामागचा प्रश्न सिद्धरामांनी टाळला नाही. ते कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि कन्नड वचनांतून आंतरिक अनुभवाचा मार्ग सांगितला. त्यांची समाधी सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात आहे. भोवती त्याच तळ्याचे पाणी आहे.