फेर्डिनांड पोर्शे

फेर्डिनांड पोर्शे (३ सप्टेंबर १८७५ – ३० जानेवारी १९५१) हे ऑस्ट्रियन-जर्मन वाहन अभियंते होते. फोक्सवॅगन 'बीटल' या मोटारीचे रचनाकार आणि पोर्शे कंपनीचे संस्थापक म्हणून ते जगभर ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मन सैन्यासाठी आखलेले अवजड रणगाडे मात्र लष्करी इतिहासातील सर्वांत विचित्र आणि अपयशी यंत्रांत गणले जातात. इंजिनाने थेट चाके न फिरवता वीज निर्माण करावी आणि त्या विजेवर वाहन चालवावे, ही कल्पना त्यांनी तरुणपणी मांडली होती. तिच्यामुळेच त्यांना प्रथम कीर्ती मिळाली आणि चाळीस वर्षांनी तीच त्यांच्या रणगाड्यांच्या अपयशाचे एक प्रमुख कारण ठरली.

प्रारंभिक जीवन

पोर्शे यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात, राइशेनबर्ग शहराजवळील माफर्सडॉर्फ या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून व्रातिस्लाव्हित्से या नावाने ओळखले जाते. वडील अँटोन पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा होती. फेर्डिनांड दिवसा वडिलांच्या कार्यशाळेत काम करीत आणि संध्याकाळी राइशेनबर्गच्या तांत्रिक शाळेतील वर्गांना जात. विजेची त्यांना विशेष ओढ होती.

वयाच्या अठराव्या वर्षी ते व्हिएन्नातील बेला एगर या विद्युत उपकरणांच्या कंपनीत रुजू झाले. फावल्या वेळात ते तेथील तंत्र विद्यापीठातील व्याख्यानांना जाऊन बसत, परंतु अभियांत्रिकीची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. त्यांच्या नावामागे पुढे लागलेली डॉक्टर ही उपाधी सन्माननीय होती.

वीज आणि पेट्रोल

१८९८ मध्ये पोर्शे घोडागाड्या बनवणाऱ्या लोनर कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी चाकाच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसवलेली गाडी तयार केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडण्यात आली, तेव्हा पोर्शे पंचवीस वर्षांचेही नव्हते. या गाडीत गिअर, साखळी वा पट्टा असे काहीच नव्हते. बॅटऱ्या मात्र फार जड होत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पेट्रोल इंजिनाला जनित्र जोडले आणि त्याची वीज चाकांतील मोटरींना पुरवली. आज ज्यांना हायब्रिड म्हटले जाते, त्या मोटारींचा हा एक आद्य नमुना होय.

१९०६ मध्ये ते ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीचे तांत्रिक संचालक झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी याच तत्त्वावर तोफा ओढणाऱ्या रस्तागाड्या बनवल्या. पुढच्या ओढगाडीत जनित्र असे आणि मागील प्रत्येक गाडीच्या चाकांना तारेतून वीज मिळे, त्यामुळे सारा भार एकट्या ओढगाडीवर पडत नसे. ४२ सेंटिमीटर व्यासाच्या अजस्र तोफेचे सुटे भाग या गाड्यांवरून आघाडीपर्यंत नेले गेले. येथे वजन अनेक गाड्यांवर विभागलेले होते आणि गोळ्यांच्या माऱ्यात शिरण्याचा प्रश्न नव्हता. नंतरच्या रणगाड्यांची तुलना करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

१९२३ मध्ये पोर्शे जर्मनीत स्टुटगार्टच्या डाइम्लर कंपनीत गेले. १९३१ मध्ये त्यांनी त्याच शहरात स्वतःचे अभिकल्प कार्यालय उघडले. जावई अँटोन पिएख आणि ज्यू व्यावसायिक आडोल्फ रोझेनबर्गर हे त्यांचे भागीदार होते. नाझी सत्तेत आल्यानंतर रोझेनबर्गर यांना आपला हिस्सा सोडावा लागला.

नाझी राजवटीशी संबंध

जून १९३४ मध्ये सामान्य जनतेसाठी स्वस्त मोटार आखण्याचे काम पोर्शे यांच्याकडे आले. मोटारींचा शौकीन असलेल्या हिटलरने या प्रकल्पाला उघड पाठिंबा दिला. पोर्शे राजकारणात फारसे बोलत नसत, परंतु १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. हिटलरपर्यंत थेट पोहोच असलेले अभियंते म्हणून उद्योगजगतात त्यांचा दबदबा होता. बीटलच्या रचनेतील काही कल्पना आपल्या आहेत असा दावा चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीने केला होता. तो वाद १९६५ मध्ये भरपाई देऊन मिटवण्यात आला.

फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळात लष्करी वाहने तयार झाली. तेथे युद्धकैदी, छळछावण्यांतील कैदी आणि पूर्व युरोपातून आणलेले स्त्री-पुरुष यांच्याकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. अशा मजुरांची संख्या हजारोंच्या घरात होती. पोर्शे हे कारखान्याच्या प्रमुखांपैकी एक असल्याने या जबाबदारीतून त्यांचे नाव वगळता येत नाही.

रणगाडे

१९४१ मध्ये पोर्शे जर्मन रणगाडा आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी नव्या अवजड रणगाड्यासाठी पोर्शे आणि हेन्शेल यांच्यात स्पर्धा सुरू झाली. पोर्शे यांनी हवेने थंड होणारी दोन पेट्रोल इंजिने, त्यांना जोडलेली जनित्रे आणि पट्टे फिरवणाऱ्या दोन विद्युत मोटरी अशी रचना केली. कागदावर तिच्यात तथ्य होते. एवढ्या वजनाच्या रणगाड्याचा गिअरबॉक्स टिकवणे कठीण असते आणि विजेवर तो अडथळाच उरत नाही. प्रत्यक्षात इंजिने तापत व बंद पडत, यंत्रणेने वजन वाढवले आणि मोटरींना लागणारे तांबे युद्धात दुर्मीळ झाले होते.

२० एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, दोन्ही रणगाडे त्याच्यासमोर चालवून दाखवण्यात आले. पुढील चाचण्यांनंतर हेन्शेलची रचना 'टायगर' म्हणून स्वीकारली गेली. परंतु निकालाआधीच पोर्शे यांच्या रणगाड्याची मागणी नोंदवण्यात आली होती आणि सुमारे ९० सांगाडे तयार झाले होते. चाचणीपूर्वी उत्पादन सुरू करण्याची ही घाई पोर्शे यांच्या वजनाशिवाय शक्य झाली नसती.

या सांगाड्यांचे काय करायचे, या प्रश्नातून रणगाडाविरोधी वाहनाचा जन्म झाला. त्याला पोर्शे यांचेच 'फेर्डिनांड' हे नाव मिळाले. ६५ टन वजन, समोर २०० मिलिमीटर चिलखत आणि लांब नळीची ८८ मिलिमीटरची तोफ असे त्याचे स्वरूप होते. इंजिने मध्यभागी आल्यामुळे चालक व बिनतारी संदेशक पुढे, तर तोफेवरील चौघे मागे अशी सहा जणांची विभागणी झाली. जवळच्या पायदळाला रोखण्यासाठी बाहेर रोखलेली एकही मशीनगन त्यावर नव्हती.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ८९ फेर्डिनांड उतरले. दुरून मारा करताना त्यांची तोफ प्रभावी ठरली. परंतु सुरुंगांनी पट्टे तुटले, इंजिनांना आगी लागल्या आणि अडकलेले वाहन ओढून काढण्यासाठी अनेक ओढगाड्या एकत्र जोडाव्या लागत. महिनाअखेर ३९ वाहने गमावली गेली. उरलेल्यांना मशीनगन बसवून 'एलिफांट', म्हणजे हत्ती, या नव्या नावाने इटली आणि पूर्व आघाडीवर पाठवण्यात आले.

एक दोष मात्र पोर्शे यांच्या नावावर चुकीने जमा झाला आहे. पहिल्या ५० 'किंग टायगर' रणगाड्यांच्या वक्र बुरुजावर आदळलेला गोळा खाली वळून सांगाड्याच्या छतावर येऊ शके. हा बुरूज आजही 'पोर्शे बुरूज' म्हणून ओळखला जातो, पण त्याची रचना क्रुप कंपनीने केली होती.

टायगरच्या अपयशानंतरही हिटलरचा विश्वास उडाला नाही. १९४२ मध्येच पोर्शे 'माउस', म्हणजे उंदीर, या रणगाड्यावर काम करू लागले. त्याचे वजन १८८ टन होते. त्यावर १२८ आणि ७५ मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या आणि रचना पुन्हा विजेचीच होती. हे वजन पेलणारे पूल नसल्यामुळे त्याने नदीच्या तळावरून जावे आणि काठावरच्या दुसऱ्या माउसने त्याला तारेतून वीज पुरवावी, अशी योजना होती. रेल्वेने नेण्यासाठी चौदा आसांचा खास डबा बनवावा लागला. दोनच नमुने तयार झाले. सोव्हिएत सैन्याने एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचा बुरूज जोडून केलेला माउस मॉस्कोजवळील कुबिंका येथील संग्रहालयात ठेवण्यात आला.

अखेरचे दिवस

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी पोर्शे यांना अटक केली. सुमारे २० महिने ते कैदेत होते. मुलगा फेरी याने इटलीतील चिसितालिया कंपनीसाठी शर्यतीची मोटार आखून मिळवलेल्या पैशांतून जामिनाची रक्कम उभी राहिली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांची सुटका झाली. कंपनीच्या नावाने विकली गेलेली पहिली मोटार, पोर्शे ३५६, फेरीच्या देखरेखीखाली १९४८ मध्ये ऑस्ट्रियात तयार झाली. नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे यांनी वोल्फ्सबुर्गला भेट देऊन बीटलचे उत्पादन पाहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले.

व्रातिस्लाव्हित्से गावाच्या वेशीवर हे पोर्शे यांचे जन्मगाव असल्याचे फलक होते. नाझी राजवटीशी असलेल्या त्यांच्या संबंधांवरून आक्षेप आल्यावर २०१३ मध्ये ते काढून टाकण्यात आले.