विल्यम जेम्स वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (१ मे १८६५ – ३ मार्च १९३३) हे मिरज येथील मिशन रुग्णालयाचे संस्थापक, शल्यविशारद आणि वैद्यकीय शिक्षणाचे प्रवर्तक होते.

जीवन

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ओंटारियो प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. सांगलीत त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. पुढे मिरज हे कार्यक्षेत्र निवडले. फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून तेथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळे त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

शिक्षणकार्य

रुग्णांची रीघ वाढली, परंतु प्रशिक्षित सहायक मिळेनात. म्हणून वानलेस यांनी स्थानिक तरुणांना रुग्णालयातच शिकविण्यास आरंभ केला. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या वर्गातून पुढे मिरजेची वैद्यकीय शाळा आकारास आली. व्याख्यानाइतकेच महत्त्व रुग्णाच्या खाटेशेजारी केलेल्या कामास होते. रुग्णालयाच्या परिवारात परिचारिकांचे शिक्षणही रुजले. सोवळे-ओवळे व जातिभेद यांच्या त्या काळात परक्या रुग्णाच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे ही कामे हलकी मानली जात. त्यामुळे हे शिक्षण कौशल्याइतकेच सामाजिक धैर्याचीही कसोटी पाहणारे होते.

मिशनचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता. तथापि उपचारासाठी सर्व जातिधर्मांचे लोक येत. कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही कार्येही त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. समाज ज्यांना दूर ठेवी, अशा रुग्णांच्या सेवेची सोय त्यामुळे झाली.

सन्मान व निधन

ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक व १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब दिला. त्याच सुमारास ते निवृत्त झाले. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

मिरज परिसर १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाला. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा अध्यापनासाठी वानलेस रुग्णालयाचा उपयोग झाला. परिचर्येच्या आजच्या पदवी अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य हा विषय अनिवार्य असून विद्यार्थ्यांना गावांत व वस्त्यांत जाऊन घरभेटी द्याव्या लागतात. सेवेतून शिकण्याची ही रीत मिरजेस नवी नाही. सांगली व मिरज यांच्या दरम्यानची वानलेसवाडी आणि कोल्हापूरचे मेरी वानलेस रुग्णालय ही नावे या दांपत्याची आठवण जपतात.